पोट बिघडलं म्हणून कॅप्सूल सोडली

सांगलीहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, मुद्द्यापुरतं देते :

“आमचे यजमान ५९ वर्षांचे आहेत, नुकतेच निवृत्त झाले. दिवाळीनंतर रक्त तपासलं तर एल.डी.एल. (वाईट कोलेस्टेरॉल) १७८ आणि तीन महिन्यांची सरासरी शुगर ७.४ निघाली. डॉक्टरांनी रात्री एक कॅप्सूल आणि सकाळ-संध्याकाळ शुगरची गोळी दिली. तेव्हापासून ह्यांचं पोट बिघडलं ते बिघडलंच. जेवल्यावर पोट डब्ब होतं, आंबट ढेकर येतात, सकाळी दोन-तीनदा पातळ होतं. रात्री झोपताना कॅप्सूल घेऊन वरून गुलाबी अँटासिडचे दोन चमचे घ्यायचे, तरी जळजळ थांबेना. शेजारच्या भाऊंनी सांगितलं, की कोलेस्टेरॉलच्या गोळ्या लिव्हर खातात. महिनाभरापूर्वी ह्यांनी सगळंच बंद केलं. आता पोट शांत आहे आणि हे म्हणतात, ‘बघ, गोळीच वाईट होती.’ मी मात्र धास्तावले आहे. घरात पथ्य कडक आहे. उपाशीपोटी लसणाच्या पाकळ्या, सकाळी ओट्स, रोज मोड आलेली कडधान्यं, जवसाची चटणी सुरू आहे. एवढ्यावर भागेल का? दोन्ही पाकिटांवरची नावं खाली उतरवून पाठवते आहे.”

ताई, बाकी सगळं नंतर. यजमानांना पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलाय का, स्टेंट बसवलाय का, याचा पत्रात उल्लेख नाही. तसं काही झालेलं असेल तर हे सदर वाचायचं थांबवा आणि आजच डॉक्टरांना फोन करा. कारण तुम्ही उतरवून पाठवलेल्या नावांत रोसुव्हास्टॅटिन १० मि.ग्रॅ. (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या ‘स्टॅटिन’ औषधांपैकी एक) आहे, तसंच ॲस्पिरिन ७५ मि.ग्रॅ.ही आहे. स्टेंट असलेल्या माणसाने ॲस्पिरिन परस्पर सोडणं धोक्याचं असतं, स्टेंटमध्ये गुठळी धरू शकते.

तसं काही नसेल, तर आता निवांत बोलू.

नावं उतरवून पाठवलीत हे फार बरं केलंत. एरवी पत्रांत “लाल-पांढरी कॅप्सूल” एवढंच असतं आणि मग मी इथे बसून काय ओळखणार? तुमच्या घरात जिला “कोलेस्टेरॉलची कॅप्सूल” म्हणतात ती एक दिसते, पण आत औषधं दोन आहेत. आपल्याकडे अशा जोडगोळ्या सर्रास मिळतात. स्टॅटिन आणि ॲस्पिरिन, कधी त्यात क्लोपिडोग्रेलही (तेही गुठळी होऊ न देणारं), कधी स्टॅटिन आणि फेनोफायब्रेट (रक्तातली चरबी कमी करणारं). एकच कॅप्सूल घ्यायची म्हणून रुग्णालाही सोपं वाटतं. पण त्रास झाला की कोणामुळे झाला ते कळायला मार्ग राहत नाही.

आंबट ढेकर आणि जळजळ यासाठी माझा पहिला संशय ॲस्पिरिनवर आहे. जठराच्या आतल्या अस्तराचं आम्लापासून रक्षण करणारी जी रसायनं शरीर तयार करतं, तीच ॲस्पिरिन कमी करतं. गोळीवर आवरण असलं तरी हा परिणाम पूर्ण टळत नाही, कारण तो रक्तातूनही होतो. त्यात तुमचे यजमान ती झोपताना घेतात, म्हणजे जेवण उरकून दोन तास झालेले असणार. ॲस्पिरिन जेवणानंतर लगेच घ्यायला हवं.

आणि मुळात ते हवंच आहे का, हेही विचारायला हवं. ज्यांना झटका, पक्षाघात, स्टेंट, बायपास यातलं काहीच झालेलं नाही, अशांना सरसकट ॲस्पिरिन देण्याची पद्धत गेल्या काही वर्षांत मागे पडली आहे. रक्तस्रावाचा धोका आणि होणारा फायदा जवळपास बरोबरीत येतात, आणि साठीच्या पुढे पारडं धोक्याकडे झुकतं. मधुमेह आणि इतर जोखीम पाहून काहींना ते दिलं जातंही. तुमच्या डॉक्टरांच्या मनात काही कारण असेल. ते काय, हे विचारण्यात संकोच कसला?

पोट डब्ब होणं आणि सकाळचं पातळ हे मला मेटफॉर्मिनचं काम वाटतं, म्हणजे शुगरच्या गोळीचं. औषध उत्तम आहे, स्वस्त आहे, जुनं आहे. पण सुरुवातीला गॅस, मळमळ, पातळ शौच, तोंडाला धातूसारखी चव हे त्याचे नेहमीचे उद्योग. बऱ्याच जणांचं पोट काही आठवड्यांत रुळतं. म्हणूनच ते कमी डोसाने सुरू करून हळूहळू वाढवतात आणि जेवताना किंवा जेवणाबरोबर घ्यायला सांगतात. हळूहळू विरघळणारी गोळी पोटाला जास्त मानवते. तुमच्या यजमानांना पहिल्याच दिवसापासून ५०० ची गोळी दोन वेळा, आणि साधी. त्यावर उपाय सोपा आहे.

आता पथ्याबद्दल बोलते, रागावू नका. ज्या आठवड्यात रिपोर्ट आला त्याच आठवड्यात तुम्ही उपाशीपोटी कच्चा लसूण, ओट्स, रोजची मटकी आणि जवस असं सगळं एकदम सुरू केलंत. आयुष्यभर भाकरी, भाजी, आमटी-भात खाल्लेल्या आतड्यांवर एवढा चोथा एका दिवसात आला, तर ती वायू धरणारच. कच्चा लसूण उपाशीपोटी घेतला तर धडधाकट माणसाच्याही छातीत जळजळतं. हे पदार्थ वाईट नाहीत. पण ते पंधरा दिवसांच्या अंतराने, एकेक करून यायला हवे होते.

नवी सून घरात आली आणि त्याच आठवड्यात दूध नासलं, तर बोल तिलाच लागतो. स्टॅटिनचं तसंच आहे. म्हणजे ते अगदी निर्दोष आहे असं नाही. औषधाच्या माहितीपत्रकात पोटदुखी, मळमळ, अपचन, गॅस, बद्धकोष्ठ, कधी जुलाब हे सगळं लिहिलेलं असतं, आणि काही जणांना ते होतंही. पण मोठ्या चाचण्यांत अर्ध्या लोकांना खरं स्टॅटिन आणि अर्ध्यांना दिसायला तशीच पण आत काही नसलेली गोळी दिली, तेव्हा पोटाच्या तक्रारी दोन्ही गटांत बऱ्याच अंशी सारख्या निघाल्या.

याबाबत लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला फार आवडतो. त्यांनी ६० अशी माणसं निवडली, ज्यांनी त्रास झाला म्हणून स्टॅटिन दोन आठवड्यांच्या आत सोडलं होतं. प्रत्येकाला वर्षभरासाठी १२ बाटल्या दिल्या. ४ बाटल्यांत ॲटोरव्हास्टॅटिन (आणखी एक स्टॅटिन), ४ मध्ये नुसत्या पोकळ गोळ्या, ४ बाटल्या रिकाम्या. महिन्याला एक बाटली, क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा. गोळ्या असलेल्या महिन्यात आत औषध आहे की नाही, ते त्यांना ठाऊक नाही. रोज स्वतःच्या त्रासाला शून्य ते शंभरपैकी गुण द्यायचे. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी ८, स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३, आणि पोकळ गोळीच्या महिन्यांत १५.४!

म्हणजे त्रास खराच होता. कोणी ढोंग करत नव्हतं. पण त्यातला जवळपास ९० टक्के भाग “आपण गोळी घेतोय” या जाणिवेतून आलेला होता. स्वतःचे आकडे पाहिल्यावर त्यातल्या निम्म्या लोकांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केलं. म्हणून यजमानांना “तुमच्या मनाचे खेळ आहेत” असं कृपा करून म्हणू नका. पोट खरंच डब्ब झालं होतं. फक्त ते कोणामुळे, हे अजून ठरायचं आहे. आणि सगळी औषधं एकदम थांबवल्यावर बरं वाटलं, यावरून त्यातलं एकच वाईट होतं असं ठरत नाही. (लसूण अजून सुरूच आहे, असं पत्रात दिसतं. म्हणून त्याच्यावरचा माझा संशय थोडा कमी करते.)

आता शेजारच्या भाऊंनी लिव्हरबद्दल जे सांगितलं त्याबद्दल. स्टॅटिन काम करतं तेच मुळी यकृतात. तिथे कोलेस्टेरॉल तयार होण्याची एक पायरी ते अडवतं. मग यकृत रक्तातलं एल.डी.एल. जास्त ओढून घेतं, आणि रिपोर्टमधला आकडा उतरतो. यकृताच्या तपासणीत एस.जी.पी.टी. (यकृतातलं एक एन्झाइम) थोडं वाढलेलं काहींमध्ये दिसतं, बहुधा आपोआप खाली येतं. ते वरच्या मर्यादेच्या तिपटीपलीकडे गेलं तर डॉक्टर औषध थांबवून शोध घेतात. यकृताला गंभीर इजा होणं अतिशय दुर्मीळ आहे. फॅटी लिव्हर आहे म्हणून स्टॅटिन नको, हाही गैरसमजच. अशा लोकांना हृदयविकाराचा धोका जास्त असतो, त्यांना ते अधिकच लागतं. सुरू करताना एकदा यकृताची तपासणी केलेली असावी, तुमच्या रिपोर्टांत ती आहे का ते पाहा.

आणि ते गुलाबी अँटासिड. ही गोष्ट मेडिकलवाला सांगत नाही आणि डॉक्टरांना विचारायचं सुचत नाही. ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असलेलं अँटासिड रोसुव्हास्टॅटिनबरोबर घेतलं, तर शरीरात शिरणारं रोसुव्हास्टॅटिन साधारण निम्म्यावर येतं. म्हणजे यजमान त्रास सोसून कॅप्सूल घेत होते आणि वरून दोन चमचे ओतून तिचा निम्मा उपयोग घालवत होते. अँटासिड घ्यायचंच असेल तर कॅप्सूलनंतर दोन तासांनी. शिवाय मॅग्नेशियमने शौचाला पातळ होतं, हेही त्या सकाळच्या फेऱ्यांच्या हिशोबात धरा.

रोसुव्हास्टॅटिन किंवा ॲटोरव्हास्टॅटिन रात्रीच घ्यावं असं बंधन नाही. ही औषधं शरीरात बराच वेळ टिकतात. रात्रीचा नियम सिम्व्हास्टॅटिनसारख्या लवकर ओसरणाऱ्या औषधांमुळे पडला, कारण शरीर कोलेस्टेरॉल रात्री जास्त बनवतं. यजमानांना सकाळच्या नाश्त्यानंतर सोयीचं वाटत असेल तर खुशाल तेव्हा घेऊ द्या. रोज एकाच वेळी घेतलं म्हणजे झालं.

आता करायचं काय? पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जा, आणि गोळ्या महिनाभर बंद आहेत हे पहिल्या वाक्यात सांगा. बरेच लोक हे लपवतात. मग डॉक्टर वाढलेला आकडा पाहून डोस दुप्पट करतात आणि नवाच घोळ होतो. त्यांना विचारा, की जोडगोळी सोडून नुसतं रोसुव्हास्टॅटिन देता येईल का आणि ॲस्पिरिनची गरज आहे का. ते हो म्हणाले तर मी असा क्रम सुचवीन : आधी फक्त स्टॅटिन, तीन-चार आठवडे. पोट ठीक राहिलं, तर मग मेटफॉर्मिन, हळूहळू विरघळणारं, रात्रीच्या जेवणाबरोबर एकच. शुगर ७.४ आहे, तेव्हा डॉक्टर कदाचित म्हणतील की आधी शुगरची गोळी आणि नंतर स्टॅटिन. तसंही चालेल. दोन्ही एकाच दिवशी सुरू करायचं नाही, एवढं मात्र धरून ठेवा.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहीत असाल, तर त्याच चौकोनात पेन्सिलीने पोटाचेही गुण मांडा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे असह्य. यजमानांनीच मांडायचे, तुम्ही नाही. आणि त्या दिवशी बाहेरची मिसळ झाली असेल तर तीही प्रामाणिकपणे लिहायची.

समजा एवढं करूनही स्टॅटिननेच पोट बिघडतंय असं दिसलं, तरी दार बंद होत नाही. डोस कमी करता येतो. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तर एल.डी.एल. जेमतेम आणखी ६ टक्क्यांनी उतरतं. उलट बाजूने पाहिलं तर डोस निम्मा करून फार काही हातचं जात नाही. दुसरं स्टॅटिन देऊन पाहता येतं, एकाचा त्रास झालेल्याला दुसरं मानवतं. रोसुव्हास्टॅटिन काहींना दिवसाआड देतात. जोडीला इझेटिमाइब देता येतं. ते आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं अडवतं आणि आकडा आणखी सुमारे २० टक्क्यांनी खाली आणतं. त्यानेही क्वचित पातळ होतं, पण सहसा निभावतं. सहा-सहा महिन्यांनी घ्यायची इंजेक्शनंही आता आली आहेत. ती महाग आहेत आणि तुमच्या यजमानांना लागतील असं मला वाटत नाही.

पोटाला खरोखर जड जाणारं कोलेस्टेरॉलचं औषध वेगळंच आहे. कोलेस्टिरामिन. पाण्यात कालवून घ्यायची भुकटी. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवून आतड्यात सोडतं आणि त्यातली बहुतेक परत शोषून घेतं. ही भुकटी पित्ताम्लांना आतड्यातच धरून बाहेर काढते. बद्धकोष्ठ आणि गुबारा ठरलेला. शिवाय इतर औषधंही तिला चिकटतात, म्हणून ती भुकटीच्या तासभर आधी किंवा चार ते सहा तासांनी घ्यावी लागतात. आजकाल कोलेस्टेरॉलसाठी ती क्वचितच लिहून देतात. फेनोफायब्रेट ट्रायग्लिसराइडसाठी, म्हणजे रक्तातल्या दुसऱ्या एका चरबीसाठी असतं. त्याने अपचन होऊ शकतं आणि पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. ते घेणाऱ्याला जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ आली, तर सोनोग्राफी करून घ्यावी.

ॲटोरव्हास्टॅटिन किंवा सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्या इतर वाचकांसाठी एक. अल्सरच्या जंतूसाठी जे औषधांचं किट देतात, त्यात बहुधा क्लॅरिथ्रोमायसिन असतं. त्याने या स्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण खूप वाढतं आणि स्नायूंना इजा होऊ शकते. किट सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा. ते सहसा तेवढे दिवस स्टॅटिन थांबवतात किंवा डोस कमी करतात. रोसुव्हास्टॅटिनला ही अडचण सहसा येत नाही.

ताई, आता जे लिहिते ते यजमानांना शेजारी बसवून वाचून दाखवा. आपल्याकडे “गॅस झालाय” हे वाक्य फार माणसं घेऊन गेलं आहे. ५९ वर्षांचं वय, शुगर, एल.डी.एल. १७८. अशा माणसाला जिना चढताना किंवा जेवून चालताना पोटाच्या वरच्या भागात जळजळ होते आणि थांबल्यावर शमते, तर ते हृदयाचं दुखणं असू शकतं. मधुमेहात छातीत कळ येईलच असं नाही. नुसता घाम, दम, मळमळ, जबड्यात किंवा हातात जडपणा एवढंच असतं. असं झालं तर ओवा-सोडा देत बसू नका. १०८ ला फोन करा, ई.सी.जी. काढा. तो ठीक निघाला तर तक्रार करू, की उगाच फेरी झाली. डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, डोळे पिवळे होणं, पाठीत जाणारी असह्य पोटदुखी, किंवा अंग ठणकून लघवी चहाच्या रंगाची होणं, यांपैकी काहीही दिसलं तरी सदराच्या उत्तराची वाट पाहायची नाही.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न, पथ्यावर भागेल का? चांगल्या पथ्याने एल.डी.एल. १० ते १५ टक्के उतरलं तरी आम्ही शाबासकी देतो. १७८ चे १५५ होतील. रोसुव्हास्टॅटिन १० ने ते शंभरच्या आसपास येईल अशी अपेक्षा असते. एल.डी.एल. दर ३९ अंकांनी उतरलं की झटका आणि पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना साधारण एक पंचमांशाने कमी होतात, हे लाखाच्या वर लोकांवरच्या चाचण्या एकत्र करून पाहिलेलं आहे. यजमानांचा मधुमेह धरला तर पथ्य आणि गोळी दोन्ही लागतील. लसूण फोडणीत घाला, उपाशीपोटी नको. जवस, मोडाची कडधान्यं ठेवा, प्रमाण अर्ध्यावर आणून. ओट्स नाही आवडले तर ज्वारीची भाकरी काही वाईट नाही. इसबगोल मात्र जरूर सुरू करा, पेलाभर पाण्यातून, गोळ्यांपासून दोन तास दूर. तोही पित्ताम्लांना धरून एल.डी.एल. थोडं खाली आणतो आणि शौच बांधून होते.

लिपिडची तपासणी पुन्हा करायची ती गोळी सलग सहा ते आठ आठवडे घेतल्यावरच. आत्ता करून फक्त लॅबचं बिल भरलं जाईल.